ठेंगा उभा राहतो, तरी

शेवटचा ठेंगा तुम्ही कोणाला दाखवला?

आठवून बघा. घरच्या पोराला असेल, नाहीतर मत मागायला आलेल्याची पाठ फिरल्यावर त्याला असेल. मूठ बांधली, अंगठा उभा केला, झालं. आता सांगा, तो अंगठा उभा कोण करतो? हात, म्हणाल. मीही तेच म्हणाले असते. आमच्या दवनीवाड्यात चैतराम नावाच्या माणसाचा उजवा अंगठा मरत होता आणि तो रोज सगळ्या चौकाला ठेंगा दाखवत होता. कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही, आणि मी स्वतःला लई हुशार समजते.

चैतरामचा पानठेला चौकात होता, मुलींच्या शाळेच्या फाटकासमोर. गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्या साली त्यानं तो लावला. "जिल्हा अन् माझा ठेला जुळे भाऊ," असं तो म्हणायचा. पान नावापुरतं. खपायचा तो खर्रा. तुम्ही आमच्या भागातले नसाल तर सांगते. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, घ्यायचा, पन्नी दुमडायची, आणि लाकडी फळीवर तळहातानं, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या गादीनं, जोर लावून रगडायचं. ह्याला आम्ही घोटणं म्हणतो. घोटून झालं की तो ओला चुरा गिऱ्हाइकाच्या गालात जातो आणि तासभर तिथंच बसतो.

बाकीचे ठेलेवाले चुना काडीनं काढतात. चुन्यानं कातडी सोलते, बोटाला चिरा पडतात. चैतराम डबीत थेट बोट घालायचा.

"चुना मले चावत नाई," तो अभिमानानं सांगायचा. "ओळखते तो मले."

शेजारी भैय्यालालचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढता काढता त्याचं तोंड चालूच. कोणी नवं गिऱ्हाईक आलं की तो हाक मारायचा, "दाखव गा चैतराम, तुझा हात दाखव त्यायले."

चैतराम उजवा तळहात पुढं करायचा. तुमच्या-माझ्या हाताला अंगठ्याखाली जिथं मांसाचा उंचवटा आहे, तिथं त्याच्या हाताला खळगा होता. अंगठा बोटांच्या रांगेत जाऊन बसलेला, माकडाचा असतो तसा.

"पाह्यलं? घोटून घोटून झिजला. मशीन हाये मशीन. असा हात जिल्ह्यात भेटणार नाई."

"अन् दुखत नाई का?" गिऱ्हाईक विचारायचं.

"दुखाले काई उरलंच नाई ना बापा!" असं चैतराम म्हणायचा, आणि सगळे हसायचे. मीही एकदा हसले होते.

झिजला. हा एक शब्द सगळ्यांना पुरला. चप्पल झिजते, विळा झिजतो, पाटा झिजतो, तसा घोटणाऱ्याचा हात झिजला. पण मांस कामानं झिजत नाही, काम करणारं मांस फुगतं. पैलवानाचा दंड कधी झिजलेला पाहिला का तुम्ही? इतकं साधं, पण चौकात बसणाऱ्या एकालाही सुचलं नाही. आमच्याकडे शब्द तयार होता, मग डोकं कशाला वापरायचं.

माझं आणि चैतरामचं जमायचं नाही. मी गावातल्या बायकांना घेऊन दारूच्या दुकानांवर जायचे, रेशनवर जायचे. शाळा माझी अर्धवट सुटली, पण कायदे वाचले, भाषणं शिकले. लोक ताई म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. २००६ च्या उन्हाळ्यात मी त्याच्या ठेल्यासमोर उभी राहिले.

"चैतराम, शाळा उघडायच्या आत ठेला हलव."

"काऊन?"

"पोरी पाहून राहिल्या. आठवीच्या पोरी खर्रा खाऊन राहिल्या, तुला दिसत नाही?"

"मी का त्यायच्या तोंडात भरवून राहिलो? तुमी पोरीयले सांगा ना, ताई. माझ्या पोटावर कायले येता?"

"मी तहसीलदाराकडे जाईन."

"जा. जाताना त्यायच्यासाठी एक पुडी घेऊन जा, ते रोज मागवतेत."

भैय्यालाल हातातला पाना टाकून हसला. माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यावर चैतरामनं मूठ बांधली आणि अंगठा माझ्या नाकासमोर उभा केला, ताठ, भाल्यासारखा. तो ठेंगा मी वर्षभर विसरले नाही.

ठेला हलला नाही. मी रोज तिथून जायचे, दोघंही तोंड फिरवायचो.

पुढच्या वर्षी थंडीत भैय्यालालच्या नातवाच्या बारशाला पंगत होती. पुरुषांच्या रांगेत चैतराम समोरच बसला होता. मी त्याच्याकडे बघणार नव्हते, पण नजर जात होती. तो भात उचलायचा आणि भात पत्रावळीवरच पडायचा. आपण घास कसा घेतो बघा. चार बोटांवर भात येतो, आणि अंगठा मागून त्याला तोंडात ढकलतो. त्याचा अंगठा बाजूला पडून होता. तो तोंडच पत्रावळीकडे नेत होता. शेवटी त्यानं वाढणाऱ्याला चमचा मागितला.

"आला बापा साहेब!" भैय्यालाल वाढता वाढता ओरडला. "टेबल-खुर्ची पण आणू का?"

रांग हसली. चैतरामही हसला. त्याची बायको भूमेश्वरी बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी होती. ती नाही हसली.

"यायच्या शर्टाच्या गुंड्या मीच लावतो," ती हळूच म्हणाली. आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका असं पुरुषासारखं बोलतात. "वरीस होऊन राहिलं. गोंदियाले नेलं होतं दवाखान्यात. डॉक्टर म्हणे, मूठ बांध, अंगठा वर कर. यायनं केला. डॉक्टर म्हणे, अंगठा ठीक हाये, वात हाये. सुया टोचल्या."

"ठेंगा दाखवायला लावला?"

"तसंच म्हना."

तेवढ्यात चैतराम हात धुवायला उठला आणि आमच्या समोरून गेला. त्याच्या उजव्या तर्जनीचं टोक फुटलं होतं. आत लालभडक, कडेला पिवळा पू. त्याच बोटानं तो दिवसभर चुना काढत होता.

मी भांडण विसरले असं नाही. पण मी त्या बोटाकडेच बघत राहिले. माझ्या आईच्या बोटाला चुन्यानं चीर पडली तर ती रात्रभर फुंकर घालत बसायची. ह्या माणसाच्या उघड्या मांसात चुना जातो आणि तो म्हणतो, मला ओळखतो.

दुसऱ्या दिवशी मी ठेल्यावर गेले. "चल दवाखान्यात. सरकारी."

"ताई, आता दवाखान्यात नेऊन ठेला हलवता का?"

"बोट सडून राहिलं तुझं."

"दुखतच नाई, तर कायले नेता?"

"म्हणूनच."

तो बसून राहिला असता. भूमेश्वरीनं ठेल्याची फळी पाडली, कुलूप लावलं आणि किल्ली कंबरेला खोचली. "उठा," एवढंच म्हणाली.

सरकारी दवाखान्यात एक तरुण बाई डॉक्टर होती. बोटावर पट्टी बांधायला तिनं हात उताणा केला आणि तशीच थांबली. मग तिनं त्याचा शर्ट काढायला सांगितला. पाठीवर दोन फिकट चट्टे होते. डोळे मिटायला लावून, कळलं की सांगा म्हणत, तिनं पेनाच्या टोकानं कुठं कुठं स्पर्श केला. चट्ट्यांवर तो काहीच बोलला नाही. कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपली. तिथं दोरीसारखं जाड काही तिच्या बोटाला लागलं असावं, कारण ती परत परत तिथंच जात होती.

"अंगठा वर करा."

चैतरामनं ठेंगा दाखवला. ताठ.

"असा नाही." तिनं त्याचा हात टेबलावर उताणा ठेवला. "मूठ नको. हात असाच राहू द्या, आणि अंगठा तळहातापासून उचला. छताकडे."

अंगठा हलला नाही. कपाळावर शिरा उभ्या राहिल्या, खांदा वर गेला, सगळा माणूस उठला, पण अंगठा तिथंच. तिनं तो स्वतःच्या हातानं उभा केला आणि सोडला. तो पडला.

"पण ठेंगा तर उभा राहते ना," चैतराम म्हणाला. लहान आवाजात.

मग तिनं मला समजावलं, कारण विचारत मीच होते. तिनं माझा हात घेतला आणि त्याच्या हाताशेजारी ठेवला. ते मी तुम्हालाही सांगते, लक्ष द्या.

अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा आहे, त्यात तीन छोटे स्नायू एकमेकांना लागून बसलेत. सगळ्यात वरचा अंगठ्याला तळहातापासून उचलतो. त्याच्या खालचा, हाडाला चिकटलेला, अंगठ्याला वळवून बोटांच्या तोंडासमोर आणतो. तिसरा त्याला वाकवतो. चौथा त्या उंचवट्यात नसतो. तो पंख्यासारखा तळहातात खोल पसरलेला असतो आणि अंगठ्याला ओढून पुन्हा तर्जनीला भिडवतो. पहिल्या तिघांना हुकूम मनगटाच्या मधून येणाऱ्या नसेतून मिळतो, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांची जाणीवही तीच नस नेते. चौथ्याची नस कोपराच्या आतल्या बाजूनं येते, जिथं ठोकर लागली की झिणझिण्या जातात. सुई धरणं, गुंडी लावणं, घास ढकलणं, हे सगळं ह्या चौघांचं काम.

आणि ठेंगा? ठेंग्यात ह्या चौघांचं काहीच काम नाही. अंगठा ताठ करणारे स्नायू पार वर, कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला असतात. तिथून लांब दोऱ्या अंगठ्यापर्यंत येतात, आणि त्यांची नस तिसरीच. ती नस ह्या आजारात बहुधा वाचते. म्हणून उंचवट्यातले तिघं मरून सुकले, चौथा अर्धामुर्धा राहिला, तरी ठेंगा उभा.

"कोणता आजार?" मी विचारलं.

तिनं दार लोटलं. "कुष्ठरोग."

भूमेश्वरी त्याच्या हाताकडे बघत राहिली. भिंतीवर पाल होती, मी तिच्याकडे बघत होते.

"गोळ्या आहेत," डॉक्टर म्हणाली. "बारा महिने. पहिल्या डोसानंतरच दुसऱ्याला लागण होण्याचा प्रश्न जवळपास संपतो. आजार पूर्ण बरा होतो."

"अन् अंगठा?" भूमेश्वरी.

"अशक्तपणा येऊन सहा महिने झाले नसते, तर नस वाचवायला औषध होतं. आता ते स्नायू परत येणार नाहीत."

बाहेर आल्यावर चैतराम पायरीवर बसला. "ताई, माझ्या हातचं लोक तोंडात टाकतेत," तो म्हणाला. "माहीत झालं तर ठेला गेला. तुमी तेच मागत होत्या ना."

मला भांडता आलं असतं. मी त्याला म्हटलं, माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. बस आली तेव्हा तिघंही वेगवेगळ्या बाकड्यांवर बसलो.

त्या आठवड्यात मी त्या वात सांगणाऱ्या डॉक्टरकडे गेले. रस्ताभर शिव्या जुळवत गेले होते. त्यानं ऐकून घेतलं. मग स्वतःची मूठ बांधली, अंगठा उभा केला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "आम्ही असंच बघतो," म्हणाला. "घाईत असंच बघतो." मला पाणी दिलं. मी प्यायले आणि परत आले. आमच्या दारापर्यंत पूर्वी कुष्ठरोगाचे कर्मचारी यायचे, पाठ बघायचे, नसा चाचपायचे. २००५ संपता संपता दिल्लीनं जाहीर केलं की देशात हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही. आमच्या गल्लीत ते येणं तेव्हाच विरळ झालं होतं. मी त्यावर मोर्चा काढायला हवा होता. तेव्हा आम्ही हँडपंपासाठी काढला.

ठेल्यावर आता भूमेश्वरी घोटायची. चैतराम बाजूला बसून सुपारी मोजून द्यायचा. हाताला वात आहे, असं सांगितलं होतं. पण गोळ्यांचं पाकीट गावाला ओळखू येतं. ते खाल्लेल्याची कातडी काळवंडते, तेही ओळखू येतं. एका बाजाराच्या दिवशी चौकात गेले तर ठेल्यासमोर कोणीच नाही आणि भैय्यालालच्या दुकानात गर्दी.

"त्याच्या हातचं कोण खाईन आता?" भैय्यालाल सांगत होता.

"तू खाल्लास ना," मी म्हटलं. "आठ वर्षं. रोज. उधारीवर."

"तेव्हा मालूम नव्हतं, ताई."

"आता मालूम आहे. तो औषध घेऊन राहिला, त्याच्यापासून आता काही होत नाही. घोटते भूमेश्वरी. तू कायले भिऊन राहिला?"

"मी नाई भित. लोक भितेत."

"लोक म्हणजे कोण? इथं तर तूच आहेस तोंड उघडून."

तो पंक्चरवर वाकला. बाकीचे पांगले. मी जिंकले असं कोणालाही वाटलं असतं. ठेल्यावर तरीही कोणी आलं नाही. चैतराम दिवसभर रस्त्याकडे बघत बसायचा, चेहऱ्यावर काहीच नाही. मी ज्या ठेल्याला हटवायला निघाले होते, त्याच्यासमोर आता उभी राहायचे, एखादं गिऱ्हाईक यावं म्हणून. शाळा सुटायची, पोरी जायच्या. हे सगळं मी दगडासारखी बघायचे.

महारोगाची भीती तीन-चार महिने टिकली. तलफ जास्त टिकाऊ निघाली. दुसऱ्या चौकातला खर्रा कच्चा असतो म्हणे, मुरत नाही. आधी एक आला, मान खाली घालून. मग सगळे आले. शेवटी भैय्यालाल आला, पुडी घेतली आणि म्हणाला, "चुना कमी टाकत जा वो, भूमेश्वरी." माफी वगैरे काही नाही.

बारा महिन्यांच्या गोळ्या संपल्या. त्यानंतरही काही काळ नसांवर लक्ष ठेवलं गेलं. मग २००९ मध्ये नागपूरकडच्या एका दवाखान्यात त्याच्या हाताचं ऑपरेशन झालं. मेलेला स्नायू तर जिवंत होत नाही. मग ते एका जित्या बोटाकडून दोरी उसनी घेतात. करंगळीच्या शेजारच्या बोटाला वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात. त्यातली एक बोटाकडे कापायची, तळहातातून वळवून आणायची आणि अंगठ्याला बांधायची. बोटाचं दुसऱ्या दोरीवर भागतं. पण दोरी अंगठ्याला लागली तरी डोक्याला ते ठाऊक नसतं. डोक्याच्या हिशोबी ती अजून त्या बोटाचीच.

प्लास्टर निघाल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा व्यायाम शिकवणारी मुलगी त्याच्यासमोर बसली होती. चंद्रपूरकडची असावी, बोली आमच्यासारखीच.

"काका, अंगठ्याचा विचारच करू नोका. अनामिका वाकवा."

"कोण अनामिका?"

"हे बोट."

"ह्याले नाव हाये?"

खरंच, आमच्याकडे अंगठा आहे, करंगळी आहे, मधलं बोट आहे. ह्याला कोणी हाक मारत नाही. अंगठी घालायचं बोट, असं तिनं सांगून पाहिलं. चैतरामनं आयुष्यात अंगठी घातली नव्हती.

"टिळा लावाचं," भूमेश्वरी म्हणाली. "देवाले टिळा कोणत्या बोटानं लावता? ते."

चैतरामनं डोळे मिटले. समोर देव नव्हता, लोखंडी पलंगाची दांडी होती. त्यानं टिळा लावायचं मनात आणलं आणि अंगठा उठला. तळहातापासून सुटला, वळला आणि बोटांच्या समोर येऊन थरथरत उभा राहिला.

मुलीनं टाळी वाजवली. मला रडायला यायला हवं होतं. चैतराम डोळे उघडून त्या अंगठ्याकडे दुसऱ्याच्या वस्तूकडे बघावं तसा बघत होता.

"हा माझा नाई," तो म्हणाला. "त्या बोटाचा हाये."

"कोणाचा का असेना," भूमेश्वरी म्हणाली. "गुंडी लावा."

तिनं त्याच्या शर्टाची गुंडी काढली. ती परत लावायला त्याला बराच वेळ लागला. आम्ही तिघी बघत होतो. गुंडी कुठं आहे ते बोटांना कळत नव्हतं, म्हणून तो मान वाकवून डोळ्यांनी शोधत होता. जाणीव ऑपरेशननं परत येत नाही. पण लागली.

आता २०१० चालू आहे. ठेला तिथंच आहे, शाळेसमोर, आणि मी अजून त्यावरून भांडते. चैतराम सुट्टे पैसे अंगठ्यानं धरून देतो, भात स्वतःच्या हातानं खातो, चहाचा पेला धरण्याआधी डाव्या मनगटानं गरम किती ते बघतो. चुन्याच्या डबीला हात लावत नाही. भूमेश्वरी काडीनं चुना काढते. परवा मी भांडायलाच गेले होते. तिची काडी तुटली आणि चुना नखाच्या बाजूच्या चिरेत गेला.

"अगं माय!" ती हात झटकत ओरडली. "चावला ना!"

चैतराम उठून उभा राहिला. "चावला? खरंच चावला? कोणत्या बोटाले?"

"पाह्यलं, ताई? रोज विचारतेत. सकाळी चुना लावल्यावर, सांजी ठेला बंद करताना. आज चावला का, आज चावला का. डोस्कं खराब झालं माझं."

"चावू दे," तो म्हणाला. "रोज चावू दे." आणि त्यानं तिचं बोट आपल्या त्या उसन्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं धरलं आणि पाण्याखाली नेलं. ते बोट गरम होतं की गार, हे त्याला कळलं नसणार. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

मी त्या दिवशी भांडले नाही, घरी गेले.

माझं एक काम करा. आज घरात जेवायला बसाल तेव्हा प्रत्येकाचा हात उताणा ठेवायला सांगा. ठेंगा बघू नका. अंगठा तळहातापासून छताकडे उचलायला लावा आणि आपल्या बोटानं हलकेच दाबा. दोन्ही हातांचा. ज्याचा अंगठा पडेल किंवा ज्याच्या बोटाला चुना, चहा, तवा चावत नसेल, त्या माणसाला उद्याच सरकारी दवाखान्यात न्या, सहा महिने थांबू नका. झिजला, वात आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.